कुठून कुठवर

बिराजदार मॅडमचा विषय निघाला की मला आजही डोकं खाजवावंसं वाटतं. माणूस लांब गेल्यावर लोक म्हणतात, आता कळतंय तो काय होता ते. मला नाही कळत. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसलो, त्यांचे डबे खाल्ले, त्यांच्या संशोधनावर तोंड वर करून मतं दिली, आणि तरी ही बाई शहाणी की वेडी असं कुणी विचारलं, तर मी आधी चहा मागवतो.

आमचं इंजिनीअरिंग कॉलेज सोलापूरच्या बाहेर, उन्हाशिवाय काही पिकत नाही अशा माळावर आहे. मी कॉम्प्युटर विभागात डेटाबेस शिकवतो. मॅडम रुजू झाल्या तो एप्रिल होता. एप्रिलमधलं सोलापूर इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी स्टाफरूमचा पंखा पाचवर लावून पेपर तपासत होतो. मॅडम आत आल्या, नमस्कार केला, पर्स ठेवली आणि सरळ भिंतीपाशी जाऊन पंखा बंद केला. मग एकवर, मग दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक आकड्याला थांबून मान वर करून बघायच्या. माझे पेपर उडून खिडकीपर्यंत गेले. मी म्हटलं, बाई, हे काय चाललंय? तर म्हणाल्या, एकवर हा पंखा हलतच नाही आणि चारच्या पुढे वारा वाढत नाही, नुसती खडखड वाढते. म्हणजे याची खरी रेंज दोन ते चार. पाच हा आकडा कंपनीने छापलाय, पंख्याला त्याची काही कल्पना नाही. आणि चारवर लावून माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी कायम पाचवर बसत आलेलो. वारा तेवढाच लागला, याचा मला जास्त राग आला.

मॅडम दुधनीच्या. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाला टेकलेलं गाव. घरात कन्नड, बाहेर मराठी. बोलायच्या अगदी शुद्ध मराठी, पण आकडे मोजायची वेळ आली की नकळत कन्नडवर जायच्या. मुलांची हजेरी मोजताना ओठातल्या ओठात ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु चालायचं. ऐकून ऐकून मलाही दहापर्यंत यायला लागलं. वडिलांचं दुधनीत धान्याचं दुकान होतं. ते गेल्यावर गावात आई एकटी राहायची, आणि मॅडम सोलापुरात एका खोलीत. लग्न केलं नव्हतं. का, ते आमच्यातल्या काहींनी विचारून बघितलं. त्यावर "इरली बिडू," एवढंच उत्तर मिळालं. म्हणजे असू दे, सोडा.

त्यांचा एक प्रश्न होता, तो सगळ्यांना आणि सगळ्या बाबतीत असायचा: कुठून कुठवर? शिपाई म्हणाला, मॅडम, लाइट जाणार आहे, की कुठून कुठवर? प्राचार्य म्हणाले, निकाल सुधारला पाहिजे, की सर, कुठून कुठवर? माझ्या मेहुण्याच्या लग्नाची पत्रिका दिली तर त्यांनी पत्रिका उलटसुलट बघून विचारलं, जेवणं कुठून कुठवर? मी चिडून म्हटलं, वधूवरांना आशीर्वाद द्यायला या, मोजमाप करायला नको. आल्या त्या बरोबर जेवणाच्या वेळी आणि पोटभर जेवून गेल्या.

शेंगाचटणीचा प्रसंग तर मी विसरूच शकत नाही. आमच्याकडे डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की माणसाला दुसरं काही लागत नाही. मॅडमच्या आईच्या हातची चटणी लालभडक. मी फुशारकीने म्हटलं, मला कितीही तिखट चालतं. झालं. "कितीही" हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. त्यांनी रोज थोडं थोडं तिखट वाढवून चटणी आणायला सुरुवात केली, शनिवारपर्यंत. सोमवारी मी म्हटलं, गोड आहे की ही. बुधवारी छान म्हटलं. शुक्रवारी मला उचकी लागली आणि शनिवारी मी तास सोडून नळाखाली तोंड धरून उभा होतो. बाहेर येऊन बघतो तर मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणतायत, सर, तुमची रेंज मंगळवार ते गुरुवार. त्यानंतर त्या कॉलेज सोडेपर्यंत माझ्यासाठी बुधवारचीच चटणी यायची. आईला त्यांनी तसं सांगूनच ठेवलं होतं. एवढं माझ्या घरातही कुणी माझ्या जिभेकडे बघितलेलं नाही, हे मी बायकोदेखत सांगतो.

हा सगळा वेडेपणा त्यांच्या विषयातून आला होता की त्यांच्या वेडेपणाला शोभेसा विषय त्यांनी शोधला होता, हेही मला ठरवता आलेलं नाही. विषयाचं नाव ऐकूनच मला घेरी यायची: टोपॉलॉजिकल मशीन लर्निंग. आकडेवारीला आकार असतो म्हणे, आणि मशीनला तो आकार ओळखायला शिकवायचं. मी म्हटलं, आकड्यांना कसला आकार? मॅडमनी कागदावर ठिपके काढले, वर्तुळात असावेत तसे, पण सुटे सुटे. म्हणाल्या, हे काय आहे? मी म्हटलं, बांगडी. त्या म्हणाल्या, तुम्हाला दिसली, मशीनला कशी दिसणार? मशीनला फक्त सुटे ठिपके दिसतात. मग प्रत्येक ठिपक्याभोवती एक गोल काढायचा आणि सगळे गोल हळूहळू मोठे करत न्यायचे. एका मापाला शेजारचे गोल एकमेकांना टेकतात आणि बांगडी दिसते. आणखी मोठे केले की मधलं भोकही बुजतं, बांगडीची पुरी होते. प्रश्न एवढाच, की गोल कुठून कुठवर मोठे करायचे. लोक म्हणे सवयीने शून्य ते एक घेतात, किंवा दुसऱ्याने घेतलं ते घेतात. मॅडमचं म्हणणं, ही हद्द माणसाने ठरवायची नाही, ठिपक्यांना विचारायची. वडिलांच्या दुकानात चाळण निवडताना म्हणे आधी धान्य मुठीत घेऊन बघायचे. तुरीची चाळण मुगाला लावली तर सगळंच खाली जातं, आणि मग चाळलं असं म्हणता येतं का?

हे ऐकताना मला सगळं समजलं असं वाटायचं. आपल्या टेबलावर येऊन बसलो की काहीच समजलेलं नसायचं.

एकदा त्यांनी शेवटच्या वर्षाचा वर्ग मैदानात नेला. मुलांना सांगितलं, हवे तिथे पण गोलात उभे राहा, आणि सगळ्यांच्या हातात दोऱ्या दिल्या. आखूड दोरीला कुणीच कुणाला जोडलं जाईना. दोरी वाढवली तसे शेजारी जोडले गेले, गोल तयार झाला. पण एक मुलगी गोलात नव्हतीच. रुबीना शेख फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन उभी होती. मी खिडकीतून बघत होतो, मला वाटलं आता हिची खैर नाही. मॅडमनी हाक मारली तर ती तिथूनच म्हणाली, "मॅडम, ऊन लई हाय की." मॅडम हसल्या. मुलांना म्हणाल्या, बघा, ही पण डेटाच आहे. हिला जोडायचं तर दोरी केवढी लागेल? दोरी तेवढी केली आणि मैदानात जो काही गुंता झाला, तो सोडवता सोडवता पुढचा तास बुडाला. पुढचा तास माझा होता. मॅडम मुलांना बजावत होत्या की लांबच्या एकाने तुमची हद्द ठरवायची की नाही, हे आधी ठरवायचं. गुंता झाल्यावर नाही.

आता यंत्रमागांची गोष्ट. तिच्यातच सगळं आहे. मॅडमची पीएचडी चालू होती. शहरात टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथल्या मागांना त्यांनी थरथर मोजणारे सेन्सर लावले होते. माग तालात चालत असला की त्याच्या थरथरीच्या ठिपक्यांची स्क्रीनवर छान बांगडी बनते. आतून काही झिजत आलं की बांगडी फुटते. माग बंद पडायच्या आधीच हे कळावं, असा त्यांचा उद्योग. तिथले सुपरवायझर अंबादासअण्णा, तेलुगू घरातले, मागांमध्येच वाढलेले. मॅडमवर त्यांचा भारी जीव. मॅडमनी चार माग परीक्षेसाठी बाजूला ठेवले होते. बाकीच्या मागांवर मशीनने शिकायचं आणि या चारांवर परीक्षा द्यायची. या चारांचे आकडे आधी बघायचे नाहीत, मशीननेही नाही आणि माणसानेही नाही, असा त्यांचा कडक सोवळा कायदा.

निकाल झकास आला. त्या चारांत दाराजवळचा एक जुनाट माग होता, तो बंद पडणार हे मॅडमच्या मशीनने आधी सांगितलं आणि तो खरोखरच बंद पडला. अण्णांनी कॉलेजात पेढे आणून दिले. प्रबंध लिहून झाला. आमच्या संस्थेने त्या वर्षी फर्मान काढलं होतं, की पीएचडी नसेल त्यांची नेमणूक जूनपासून पुढे चालणार नाही. मॅडमच्या नोंदणीची मुदतवाढही संपत आली होती. पण प्रबंध तयार होता, तेव्हा कुणालाच काळजी नव्हती. मी तर पार्टी कुठून कुठवर, असं विचारूनही घेतलं होतं.

मग विभागात त्यांनी सरावाचं सादरीकरण ठेवलं. आम्ही सगळे बसलो होतो. मला झोप येत होती, कारण पंखा चारवर होता आणि वारा छान लागत होता. शेवटी रुबीनाने हात वर केला. ती तेव्हा आमच्याकडेच एम.टेक. करत होती. तिने साधं विचारलं, "मॅडम, ही वरची हद्द कुठून आणली?"

वर्गात हशा पिकला. मॅडमचाच प्रश्न मॅडमनाच. मॅडमही हसून बोलायला लागल्या, की सगळ्या मागांचे ठिपके घेऊन, त्यांच्यातलं अंतर काढून... आणि मधेच थांबल्या. सगळ्या मागांचे, असं पुन्हा म्हणाल्या. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मला वाटलं लॅपटॉप अडकला.

झालं होतं ते असं. काम सुरू केलं तेव्हा अगदी आरंभी, चार माग बाजूला काढायच्या आधी, त्यांनी एकदा ही हद्द काढली होती, सगळ्या मागांना विचारून. तोच आकडा प्रोग्राममध्ये राहून गेला. आणि दाराजवळचा तो जुनाट माग असा थरथरायचा की त्याचे ठिपके लांब लांब फेकलेले. वरची हद्द त्याच्यामुळेच तेवढी वर गेली होती. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच विचारून प्रश्नपत्रिका काढली होती. मॅडमनी परीक्षेचे चारही माग वगळून हद्द पुन्हा काढली. ती बरीच खाली आली, एवढ्या हद्दीत लांब फेकलेले ठिपके जोडलेच गेले नाहीत, आणि जवळच्या ठिपक्यांची जुन्या मागाची बांगडी अखंडच दिसली. मशीन म्हणालं, माग ठीक आहे.

मी त्यांना समजावलं. नाही, समजावलं नाही, भांडलो. मी म्हटलं, मॅडम, माग बंद पडला की नाही? पडला. तुमचं मशीन आधी बोललं की नाही? बोललं. मग आता तुम्हाला कुणाचं काय ऐकायचंय? त्यांच्या गाइडचाही फोन आला होता, की एवढ्याशा गोष्टीला कुणी विचारत नाही, तळटीप टाका आणि पुढे चला. जून तोंडावर आलेला. मला खरंच कळत नव्हतं. उत्तर बरोबर आलंय आणि ही बाई ते खोडून टाकायला निघालीये.

मॅडम म्हणाल्या, "सर, उत्तर बरोबरच आहे. पण ते मला आलं नव्हतं, त्या मागाने माझ्या कानात सांगितलं होतं. उद्या नवीन मागापुढे उभी राहिले तर मला कोण सांगणार?"

मी म्हटलं, उद्याचं उद्या. आज नोकरी जातेय. त्यावर म्हणाल्या, इरली बिडू. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांचा डबा खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि तास घ्यायला गेल्या. चटणी बुधवारचीच होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिखटाचं नव्हतं, एवढं मला नक्की सांगता येतं.

त्यांनी प्रबंध मागे घेतला. नोंदणी संपली. जूनमध्ये नेमणूक संपली. निरोप समारंभात प्राचार्य मॅडमच्या प्रामाणिकपणावर इतकं छान बोलले की मला उठून विचारावंसं वाटलं, मग ठेवून का घेत नाही? मी उठलो नाही, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

जायच्या आधी त्या मला स्कूटरवर मागे बसवून कारखान्यात घेऊन गेल्या. कारखान्याने नवीन शेड टाकली होती, त्यातले माग मॅडमनी कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी अण्णांना त्यातल्या चार मागांना सेन्सर लावायला सांगितले आणि स्वतः दाराबाहेर, शेडकडे पाठ करून उभ्या राहिल्या. अण्णा म्हणाले, "मॅडम, बघा की तरी, कसं चाललंय ते." मॅडम म्हणाल्या, "नको अण्णा." सगळी मोजणी एका पेनड्राइव्हवर उतरवून अण्णांनी तो माझ्या हातात दिला. मॅडमनी मला बजावलं, की हा तुमच्याकडे ठेवा, हद्द ठरली असं मी सांगेपर्यंत मी मागितला तरी द्यायचा नाही. आणि यातला कुठला माग पुढे बंद पडला, तर अण्णांनी फक्त तुम्हाला सांगायचं. मी म्हटलं, मॅडम, आता पीएचडी नाही, कॉलेज नाही, हे कुणासाठी? त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. मग त्यांनी स्कूटर सुरू केली.

त्या दुधनीला आईकडे गेल्या आणि तिथल्या ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागल्या. पेनड्राइव्ह माझ्या कपाटात राहिला. बायकोने विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, प्रश्नपत्रिका. ती म्हणाली, कुणाची? मी कपाटाला कुलूप लावलं. दिवाळीनंतर अण्णांचा फोन आला: चारांतला तिसरा माग बसला. मी मॅडमना कळवलं नाही. मला गुपित ठेवता येत नाही, हे आमच्या अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे, पण हे मी ठेवलं.

उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, हद्द ठरली. फक्त शिकवलेल्या मागांना विचारून ठरवली, या वेळी पुन्हा पुन्हा तपासली. आता आणा.

मी दुधनीच्या एसटीत बसलो आणि रस्ताभर चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव केला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, पोटात दुखतंय का? अक्कलकोट मागे पडल्यावर माझ्या मनात आलं, की मॅडमना तो माग सापडला तरी आता याचं कुणाला काय? पदवी मिळणार नाही, नोकरी परत येणार नाही. आणि नाही सापडला तर? तर मी काय बोलायचं, हे मी घरून ठरवून निघायला हवं होतं.

त्यांच्या आईने चहा दिला, कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या, त्यातलं मला "कुडीरी" तेवढं कळलं. मी प्यालो. मॅडम बारीक झाल्या होत्या. लॅपटॉप टेबलावर तयार होता, खोलीतला पंखा तीनवर. मी पेनड्राइव्ह दिला आणि समोरच्या खुर्चीत बसलो. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा."

मी म्हटलं, का?

"तुमचा चेहरा म्हणजे फुटलेला पेपर आहे."

मी खुर्ची फिरवली. माझ्या एसटीतल्या सरावाची ही किंमत. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. मागे बटणांचा आवाज, मग पंख्याचा नुसता आवाज. मग मॅडमचं हळू आवाजातलं मोजणं सुरू झालं. ओंदु. बराच वेळ गेला. एरडु. मला बांगडी कळत नाही, हद्द कळत नाही, पण त्या खुर्चीत बसून मला एकच हवं होतं आणि ते मी देवाकडे अगदी उघड मागत होतो. मूरु. मग चौथा, नाल्कुसुद्धा झालं.

"मूरनेदु," मॅडम म्हणाल्या. मग स्वतःशीच मराठीत, "तिसरा."

मी भिंतीकडे बघत मान हलवली, आणि पाठमोऱ्या माणसाची मान त्यांना दिसली की नाही अशी शंका आली म्हणून मोठ्याने म्हटलं, "हो. तिसराच."

मी खुर्ची वळवायला लागलो.

"एवढ्यात वळू नका, सर," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

मी वळलो नाही. कॅलेंडर कन्नड होतं. त्यातले आकडे तेवढे मला कळत होते, तेच वाचत बसलो.